हळदीचं पाकीट, मराठी वेबसाइट: डिझाइनसाठी बघायचं कुठे?

नवी_रेघ (सांगली)

नमस्कार मंडळी,

मी ग्राफिक डिझाइन करते, थोडंफार वेबचंही. सांगलीत घरूनच कामं घेते. आतापर्यंत क्लासची पत्रकं, दवाखान्याचे बोर्ड, लग्नपत्रिका, दुकानांच्या इन्स्टाग्राम पोस्ट असंच चालू होतं. आता पहिल्यांदा मनासारखं काम आलंय. हरिपूरकडचं एक शेतकरी कुटुंब स्वतःच्या रानातली हळद दळून पाकिटातून विकणार आहे. त्यांना लोगो हवाय, पाव किलोचं आणि अर्ध्या किलोचं पाकीट हवंय, आणि ऑर्डर घेता येईल अशी साधी वेबसाइट. सगळं मराठीत. घरातल्या आजींनी तर स्पष्टच सांगितलं की पाकिटावरचं मला वाचता आलं पाहिजे.

पिंटरेस्ट, बिहान्स, ड्रिबल सगळं पालथं घातलं. हळदीचं पॅकेजिंग शोधलं की तेच ते समोर येतं: क्रीम रंगाचं पाकीट, बारीक इंग्रजी अक्षरं, कोपऱ्यात जलरंगातलं एक पान. मी केलेली स्केचेसही तशीच झालीत. इंग्रजी नाव घातलं की बरी दिसतात. मराठी नाव घातलं की ते मागाहून चिकटवलंय असं वाटतं.

तर विचारायचं असं, की तुम्ही अशा कामाआधी बघता काय? मराठी फॉन्ट कुठून घेता? आणि आजींकडे जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आहे, त्यांच्या मुखपृष्ठांवरची चित्रं इतकी देखणी आहेत की त्यातलं एखादं पाकिटावर घ्यावंसं वाटतंय. चालतं का तसं?

मी वयाने लहान आहे, अगं-तुगं केलंत तरी चालेल.

---

शिरोरेषा (मुंबई)

अगं, आजींना पाकीट वाचता आलं पाहिजे हा ब्रीफ, म्हणजे क्लायंटची मागणी, सोन्यासारखा आहे. तो लिहून टेबलासमोर लाव. पुढे कुठेही अडलीस की त्या वाक्याशी ताडून बघ.

पिंटरेस्ट-बिहान्सशी माझं भांडण नाही. पण तिथे दिसतं ते कुणीतरी दुसऱ्याच क्लायंटसाठी, दुसऱ्याच लिपीत पूर्ण केलेलं काम. शिवाय एका चित्रावर तू जरा रेंगाळलीस की त्याच जातीची ढीगभर चित्रं पुढ्यात येतात, आणि बघता बघता सगळ्यांची हळद एका साच्यातून निघायला लागते. मी शिकवते त्या मुलांना सुरुवातीला या साइट्स बंदच ठेवायला सांगते. काम निम्मं झालं की खुशाल उघडा, तोवर काय घ्यायचं नि काय सोडायचं हे कळायला लागलेलं असतं.

तू राहतेस कुठे, तर सांगलीत! हळदीच्या पेठेत! तुझा पहिला संदर्भ मार्केट यार्डात आहे. सौदे चालू असतील तेव्हा जा. राजापुरी हळदीच्या थप्प्या लागलेल्या असतात, तिथे पोत्यांवरचे मार्के बघ. पत्र्यातून अक्षरं कापायची, पत्रा पोत्यावर दाबून धरायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा, अशी ती रीत. अगदी जवळ जाऊन बघ. ‘व’ किंवा ‘ब’ पत्र्यात कापायचा तर त्याच्या पोटातला तुकडा सुटून खाली पडणार. तो पडू नये म्हणून कापणारा मध्ये पत्र्याची बारीक पट्टी ठेवतो. त्या पट्टीमुळे अक्षराच्या वाटीला खाच पडते, शिरोरेषा मध्येच तुटते, आणि तरीही पोतं लांबून ओळखता येतं. वर तागाच्या विणीत शाई फुटते, कडा मऊ होतात. या सगळ्याला कारण आहे आणि ते कारण हळदीच्या धंद्यातलंच आहे. म्हणून त्यातून निघालेलं रूप तुझ्या पाकिटावर उपरं वाटणार नाही.

फोटो काढच, पण फोटोवर थांबू नकोस. घरी येऊन ट्रेसिंग पेपरवर एक मार्का हाताने उतरव. पट्टी कुठे ठेवायची आणि किती रुंद, हे हाताला कळतं तसं डोळ्याला कळत नाही.

हरिपूरचं कुटुंब आहे म्हणतेस, तर त्यांना पेवांबद्दल विचार. जमिनीत खणलेली, वर तोंड अरुंद आणि खाली पोट फुगीर अशी ती हळदीची कोठारं. २००५च्या महापुरात त्यातली बरीच गेली. घरातल्या कुणी ना कुणी पेवात उतरून हळद काढलेली असेल, तर बसून ऐक. ऐकता ऐकता पेवाचा उभा छेद वहीत काढ. मला तर त्या आकारात पाकिटाची खिडकी दिसते, म्हणजे आतली हळद दिसायला ठेवतात ती पारदर्शक जागा. पण ठरवायचं तुझं तू.

आता अक्षरं. इथे जरा थांबते, कारण तुझं खरं दुखणं इथे आहे.

‘हळद’ हा शब्द मोठा लिहून भिंतीवर लाव. ह, ळ, द. तिन्हींपैकी एकालाही पूर्ण उभा दंड नाही! तिन्ही अक्षरं छोट्याशा मानेने शिरोरेषेला लटकलेली आणि तिन्हींचं वळण खाली जाऊन गोल फिरणारं. एरवी म, न, प, त यांचे दंड शब्दाला ठेका देतात, शब्द जमिनीवर उभा राहिल्यासारखा वाटतो. या शब्दात तो आधारच नाही. म्हणून एखादा जाडजूड फॉन्ट उचलून लावलास की तीन गोळे ओळीने दिसतात आणि नाव चिकटवल्याचा भास होतो. हे नाव हातानेच काढावं लागणार. मान किती लांब ठेवायची? ‘ळ’चे दोन डोळे सारखे की एक लहान? ‘ह’ची शेपटी ‘ळ’च्या खाली सरकू द्यायची का? ‘द’ची गाठ भरीव की पोकळ? यातल्या एकेका प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुझा लोगो.

बोरू घे. देवनागरीसाठी त्याचं टोक रोमन लिखाणाच्या उलट कलाने कापतात, तेवढं सांभाळ. नाहीतर जाड-बारीक चुकीच्या जागी येतं आणि अक्षर परकं दिसायला लागतं. पानंच्या पानं ‘हळद’ लिही. कंटाळा आला की वेगात लिही. माझी बरीचशी चांगली वळणं कंटाळ्यानंतरच आलीत.

आणि आपल्याकडे ज्यांनी हे केलंय त्यांचं काम बघ. कमल शेडगे (१९३५–२०२०) नाटकांच्या जाहिरातींसाठी नावं काढायचे, तेव्हा वर्तमानपत्रातल्या एवढ्याशा चौकोनात नाटकाचा बाज उतरायचा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) कवी, जाहिरातक्षेत्रातले, पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, शिकवायचे. विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा. सुलेखनकार अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास करून तिचा ओघ देवनागरीत आणला. आणखी मागे जायचं तर जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना, एकोणिसाव्या शतकातला. त्यांचे ग्रंथ इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. शीर्षकपान उघडायचं आणि मजकूर न वाचता नुसती मांडणी बघायची: किती आकाराचे टाइप वापरलेत, दोन ओळींत किती हवा ठेवलीय, जोडाक्षर उभं रचलंय की आडवं.

हळदीचं चित्र हवं असेल तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी ही साइट उघड. तिथे ‘हॉर्टस मलबारिकस’ मिळेल. मलबारच्या डच गव्हर्नरने करवून घेतलेला हा वनस्पतींचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला १२ खंडांत छापला गेला. अकराव्या खंडात ‘मंजेल्ला कुआ’ या नावाखाली हळद आहे. आणि पहिला खंड तर तू बघायलाच हवास. या कामात मदत केलेल्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र त्यात आहे, कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत! साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेली आपली अक्षरं आणि हळदीचं झाड एकाच ग्रंथात. मी पहिल्यांदा ते पान पडद्यावर मोठं करून बघितलं तेव्हा त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही.

कोलरच्या औषधी वनस्पतींवरच्या जर्मन ग्रंथातलं हळदीचं रंगीत चित्रपान, म्हणजे प्लेटही तुला सापडेल. ती मात्र टाळ. सगळीकडे वापरून झाली आहे.

बाकी भराभर सांगते. आयडीसीने चालवलेली डीसोर्स ही साइट फुकट आहे, तिथे टायपोग्राफीपासून गावोगावच्या कारागिरांपर्यंत साहित्य आहे. बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीच्या संग्रहात काड्यापेट्यांची आणि कापडाच्या ठाणांवर चिकटवत ती छापील लेबलं आहेत. लहान जागेत नाव, चित्र आणि चौकट कशी बसवायची याचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही. लेटरफॉर्म अर्काइव्हचा ऑनलाइन संग्रह बघ. छापील वस्तूंचे इतके स्पष्ट फोटो आहेत की शाई कुठे दाटली ते दिसतं. पुण्याला गेलीस तर बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय चुकवू नकोस. आडकित्ते, दिवे, पानदानं. वही घेऊन जा आणि एकाच कपाटासमोर बस, सगळं बघायला जाऊ नकोस.

दिवाळी अंकांबद्दल सावकाश लिहिते, त्यात कायद्याचा भाग आहे.

---

कंसातला_कोड (पुणे)

शिरोरेषाताईंच्या प्रतिसादाला +१. मी वेबपुरतं लिहितो.

ॲवॉर्ड्सवाल्या गॅलऱ्यांतल्या साइट्स हळदीच्या गिऱ्हाइकासाठी बघू नका. तुमचं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आलेली लिंक साध्या मोबाइलवर उघडणार. त्याला हळदीचा भाव, पाकिटाचा फोटो आणि ऑर्डरचं बटण लगेच दिसलं पाहिजे.

मराठी मजकुराच्या मांडणीसाठी माझा आवडता अभ्यास म्हणजे बीबीसी मराठी. बीबीसीच्या जागतिक भाषांच्या साइट्सचा कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, खुला आहे, प्रकल्पाचं नाव सिमॉर्ग. त्यात लिपीनुसार अक्षराचा आकार आणि ओळींमधलं अंतर वेगवेगळं ठरवलंय. इंग्रजीसाठी बसवलेलं माप देवनागरीला लावलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, हे आपण रोज बघतो. मी स्वतः मराठी परिच्छेदाला १.६च्या खाली लाइन-हाइट ठेवत नाही.

लेटर-स्पेसिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, हात लावू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. मथळा पसरट हवा असेल तर रुंद फॉन्ट निवडा. इटॅलिकचंही तसंच. ज्या फॉन्टात तिरकं वळण वेगळं काढलेलं नाही तिथे ब्राउझर सरळ अक्षरं ओढून तिरकी करतो आणि मात्रा कलंडतात. ठळकपणाने किंवा रंगाने भागवा.

पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी असल्याचं सांगायला विसरू नका, म्हणजे ‘लँग’मध्ये ‘एमआर’. हे स्क्रीन-रीडरसाठी तर लागतंच, पण अक्षरांसाठीही लागतं. ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातही पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ धरलाय. काही फॉन्टांत दोन्ही वळणं भरलेली असतात आणि पानाची भाषा मराठी आहे हे कळलं तरच मराठी वळण दिसतं. तुमच्या आजींना ‘शुद्ध’मधला ‘श’ ओळखीचा वाटावा असं वाटत असेल तर एवढी एक ओळ पुरते.

फॉन्टच्या फाइलचं वजनही बघा. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ तक्त्यात जागा १२८च आहेत, पण जोडाक्षरांमुळे फॉन्टात प्रत्यक्ष आकार कित्येक शे असतात. त्यामुळे पाच-सहा वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे प्रकार, लोड करू नका. एक साधं आणि एक ठळक घ्या, वॉफ-टू या वेबसाठीच्या हलक्या फाइल-प्रकारात.

जाता जाता: इलस्ट्रेटरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला उडत असेल तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर टिक करा आणि परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोझर लावा. हे माहीत नसल्याने लोक अजून जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात काम करतात आणि मग तोच मजकूर वेबसाइटवर टाकताना कचरा दिसतो.

---

नवी_रेघ (सांगली)

ताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. कालच यार्डात जाऊन आले.

एका अडत दुकानात हमालमामांनी जुने पत्रे काढून दाखवले. शाईचे थर बसून बसून कडा जाड झाल्यात. त्यातल्या एका पत्र्यावर ‘ळ’ होता आणि तो कापणाऱ्याने दोन डोळ्यांच्या मध्ये एकच उभी पट्टी ठेवून सोडवलाय. म्हणजे ‘ळ’चे दोन अर्धे समोरासमोर उभे आणि मध्ये मोकळी फट. शिरोरेषा त्या फटीपाशीच तुटलेली. मी तो ट्रेस करून घेतला. घरी येऊन ‘ह’ आणि ‘द’लाही मध्ये तशीच फट देऊन बघितली. तिन्ही अक्षरांतून एक सरळ मोकळी रेघ जाते आणि दंड नसल्याची उणीव बरीच भरून निघते असं वाटतंय. कुटुंबातल्या काकांना दाखवलं तर ते लगेच म्हणाले, “हा तर पोत्यावरचा मार्का!” मला फार आनंद झाला.

पेवाचं विचारलं. आजोबा पेवात उतरायचे म्हणे. त्यावर ते इतकं बोलले की वेबसाइटवर ‘आमच्याबद्दल’मध्ये काय लिहायचं हा प्रश्नच उरला नाही.

आता दोन अडचणी. आतल्या मजकुरासाठी फॉन्ट कुठला घेऊ? आणि दिवाळी अंकांचं तेवढं सांगा.

---

छपाईवाला (इचलकरंजी)

लेबलं आणि पाकिटं छापणं हा माझा धंदा, म्हणून लोगो होण्याआधीच सांगून ठेवतो.

ताई, पाकिटाच्या मागच्या बाजूची जागा आधी आखून घ्या, पुढची बाजू मग सजवा. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, शाकाहारी चौकोन-ठिपका, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, बॅच, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं बसायला हवं. वजन-मापाच्या नियमांप्रमाणे ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत लागते. मराठी त्यासोबत जादा देता येते. अक्षराच्या उंचीलाही किमान माप आहे. डिझायनर मंडळी हे शेवटी कोंबतात आणि मग आजी सोडा, नातवालाही वाचता येत नाही.

पिवळ्याबद्दल. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं कधीच देऊ नका, छापून आल्यावर दिसत नाहीत. हळदीचा रंग नुसत्या पिवळ्या शाईने येत नाही, थोडी मॅजेंटा लागते. किती, ते तुमच्या कागदावर नाहीतर फिल्मवर प्रूफ (नमुना छापून) काढूनच ठरवा. मोबाइलच्या पडद्यावर क्लायंटकडून रंग मंजूर करून घेऊ नका. बारकोड पिवळा किंवा लाल छापला तर स्कॅनरला दिसत नाही, काळाच ठेवा, मागे पांढरी जागा सोडून.

आणि सुरुवात लहान असेल तर लगेच सिलिंडर बनवून ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरच्या छपाईवर, जाऊ नका. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, त्याचा खर्च मोठ्या संख्येवरच परवडतो. साधं तयार पाऊच आणि त्यावर छापील लेबल. मार्क्याचा लोगो असेल तर एका रंगात स्क्रीन प्रिंटिंग फार झकास उठेल. कापडी पिशवीवरही तोच स्क्रीन चालेल.

---

शिरोरेषा (मुंबई)

अगं, मधली फट हे फार मोलाचं सापडलंय! लोगोत ती फट सगळीकडे अगदी सारखी मात्र ठेवू नकोस. ‘ह’मध्ये वरचं वळण जड असतं, तिथे ती किंचित रुंद लागेल, नाहीतर लहान आकारात बुजेल. छपाईवाल्यांनी स्क्रीन प्रिंटिंगचं सांगितलंय ते मनावर घे. शाई पसरण्याचा हिशेब आताच धर. लोगो अंगठ्याच्या नखाएवढा छापून आजींसमोर ठेव.

आता दिवाळी अंक. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क चालू राहतो. आजींच्या गठ्ठ्यात दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे चित्रकार हमखास असणार. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०३१ संपेपर्यंत संरक्षित. मुळगावकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. ती चित्रं पाकिटावर घ्यायची तर हक्कदारांची परवानगी काढावी लागेल. ‘जुनं आहे, कुणाला कळतंय’ असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. ज्यांच्या चित्रांवर आपण वाढलो त्यांचा हक्क आपणच पाळायचा. राजा रविवर्मांचं निधन १९०६चं, त्यांची चित्रं मोकळी आहेत. पण संग्रहालयाच्या साइटवरून प्रत उतरवताना तिथली अट वाच. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा कुठल्याही वापरासाठी खुल्या केल्यात, आणि तसं त्या त्या चित्राखाली लिहिलेलं असतं.

अंकांकडून शिकायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. दलालांचं एक मुखपृष्ठ घे आणि त्यातले रंग मोज. सपाट रंगाचे किती पट्टे आहेत? बाह्यरेषा कुठे आहे, कुठे नाही? अंकाचं नाव चित्राच्या मागे गेलंय का पुढे? पिवळ्याच्या शेजारी त्यांनी काय ठेवलंय? त्या रंगांचे कागदाचे तुकडे कापून तुझ्या टेबलावर मांड. चित्र घेऊ नकोस, ही जोडणी घे.

फॉन्ट. मजकुरासाठी एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा मुक्ता घे. सात वजनांत आहे, लहान आकारात स्वच्छ वाचता येतो आणि वेबवर, छपाईत दोन्हीकडे चालतो. पेवाची गोष्ट जरा ग्रंथासारखी दिसावी असं वाटलं तर तिरो देवनागरी मराठी बघ. त्यात वजन एकच आहे, पण मराठी वळणांसाठीच काढलेला आहे आणि त्यातलं तिरकं वळण खरं, ओढून केलेलं नाही. बलू गोड आहे, पण इतक्या मिठाईवाल्यांनी लावलाय की हळद पेढा वाटेल. मोदक सुंदर, पण त्यातल्या पोकळ्या इतक्या बारीक की आजींच्या कसोटीत बसणार नाही. जैनी बघायलाच घे, जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून काढलाय. बोरूचा जाड-बारीकपणा फॉन्टात कसा टिकवायचा ते कळेल. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, धंद्याच्या कामाला चालतात. डीटीपीच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर फिरणारे फॉन्ट क्लायंटच्या कामात अजिबात नको.

काकांनी ‘मार्का’ म्हटलं ना, तर त्यांच्या घराण्याचा जुना मार्का होता का ते विचार. असला तर तो पत्रा कुणाच्या माळ्यावर पडलाय ते शोध, आणि ट्रेस करण्याआधी शाईचे थर खरवडू नकोस, आहे तसाच फोटो काढून इथे टाक. ‘ह’चं स्केचही टाक, फट कुठे ढिली करायची ते खुणा करून देते.